ठेवायची की विकायची

गादीवाल्या आत्यांना सगळी गल्ली आत्याच म्हणायची. खरं तर त्या एकीच्याच आत्या. भावाची मुलगी शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहायला आली आणि शिक्षण संपलं तरी परत जायचं नाव घेईना. ती जिन्यातून, खिडकीतून, न्हाणीघरातून दिवसभर "आत्या" म्हणून हाका मारायची. ते ऐकून ऐकून दूधवाल्यापासून समोरच्या सायकलवाल्यापर्यंत सगळ्यांच्या जिभेला तेच वळण पडलं. सायकलवाला तर वयाने आत्यांहून मोठा. पण त्यालाही कधी कुणी टोकलं नाही.

घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. मधोमध लांबलचक टेबल, भिंतीला टेकून उघडेबोडके सोफे, स्प्रिंगा बाहेर आलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात काथ्याचा ढीग आणि त्या ढिगात कायम कुणाच्या ना कुणाच्या मांजराचा संसार. जुन्या सोफ्याच्या पोटातून काय काय निघतं ते आत्यांनाच ठाऊक. बटणं, कंगवे, किल्ल्या, एकदा तर लग्नातली अंगठी. जे निघेल ते पुडीत बांधून मालकाला परत, हा त्यांचा नेम. एका गिऱ्हाइकाला त्यांनी अर्धी चोखलेली लिमलेटची गोळीसुद्धा परत केली होती. गिऱ्हाईक हसलं. आत्या हसल्या नाहीत. काय टाकायचं ते ज्याचं त्याने टाकावं, आपण कोण टाकणार, असं त्यांचं म्हणणं.

आत्यांचे यजमान, म्हणजे भाचीचे आतोबा, एका नाटक कंपनीचं सामान सांभाळायचे. कंपनी बुडाली तेव्हा मालकाने हात वर केले आणि ज्याच्या हाताशी जे होतं ते त्याने घरी न्यावं असं ठरलं. नटांनी भारीतले कपडे नेले, तबलजीने तबला नेला. आतोबा भिडस्त, त्यामुळे सगळ्यांचं नेऊन झाल्यावर उरलं ते गाठोडं त्यांच्या वाट्याला आलं. त्यात लाकडी तलवारी, पत्र्याच्या ढाली, पुठ्ठ्याचे मुकुट आणि एक खोटी दाढी होती. दाढी उंदरांनी खाल्ली. लाकडी तलवारी एकेक करून चुलीत गेल्या. पुढे आतोबाही गेले, आणि त्या गाठोड्यातलं एकच काय ते घरात टिकलं. ती होती लोखंडी, वजनदार, काळी पडलेली एक तलवार.

टिकली कारण ती कामाची होती. गादीचे किंवा सोफ्याचे कोपरे भरणं दिसतं सोपं, पण तिथेच कारागिराचा कस लागतो. बोटं आत पोचत नाहीत, काठी घातली तर मोडते, आणि काथ्या नीट ठासला नाही तर महिन्याभरात कोपरा बसतो आणि गिऱ्हाईक उठतं. आत्यांनी तलवारीच्या मुठीला जुन्या चादरीची चिंधी गुंडाळली आणि तिच्या टोकाने कोपरे ठासायला सुरुवात केली. अशा तऱ्हेने त्या तलवारीने आयुष्यात कधी नव्हे इतकी पोटं भरली, असं भाची म्हणायची. म्यानही वाया गेलं नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या खिडकीत पडद्याची दांडी म्हणून आडवं लावलेलं होतं.

एकदा काथ्याचा गठ्ठा सुटेना, तलवारीला जरा धार असती तर बरं झालं असतं, असं आत्यांच्या मनात आलं. दारावरून धारवाला चालला होता, त्याला थांबवला. त्याने तलवार हातात घेतली, नखाने वाजवली, कानाशी नेली आणि चाक काही फिरवलं नाही. म्हणाला, आत्या, हिला मी हात लावत नाही, तुम्ही आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. आत्यांना वाटलं, उन्हात फिरून ह्याचं डोकं फिरलं. तलवारीला कसले दात?

पण दातांचे डॉक्टर खरंच होते. दवाखाना बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली होती, आणि लोकांच्या दाढा काढून जे मिळवलं ते सगळं त्यांनी जुन्या तलवारींत घातलं होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांचं दार उघडं असे. ज्याच्या घरात जुनं पातं, कट्यार, खंजीर, काय असेल ते घेऊन त्याने जावं. डॉक्टर फुकट बघत, फुकट सांगत, वर चहाही पाजत. दोन-तीन समवयस्क मित्र गप्पा मारायला बसलेले असत. एवढंच की, वस्तूचं फडकं सोडण्याआधी डॉक्टर एकच प्रश्न विचारत: ठेवायची की विकायची?

ठेवायची म्हटलं तर तासन् तास घालवत. विकायची म्हटलं तर हात जोडत. बाजारात माणसं आहेत, त्यांचं पोट त्यावर आहे, त्यांच्याकडे जा, मी त्यातला नाही, असं गोड शब्दांत सांगत. आणि दुसरा एक नेम होता. जी वस्तू त्यांनी लोकांसाठी पाहिली ती ते स्वतः कधी विकत घेत नसत. काही झालं तरी नाही.

आत्या तलवार पोत्यात गुंडाळून गेल्या. सोबत भाची होतीच. असली गंमत ती कशाला सोडते. डॉक्टरांनी प्रश्न विचारला. आत्या म्हणाल्या, "ठेवायची. विकली तर काथ्या कशाने ठासू?"

मित्रमंडळी हसली. डॉक्टरही हसले, आणि मग त्यांनी मुठीवरची चिंधी सोडली आणि हसायचे थांबले. खिडकीपाशी त्यांची जुनी रोग्याची खुर्ची होती, तिच्यावरचा दिवा त्यांनी ओढून घेतला, दात बघायचा तो इवलासा आरसा काढला आणि तलवारीला जणू तोंड उघडायला लावून बघत बसले. चहा निवला. सायीचा पापुद्रा धरला. शेवटी त्यांनी मान वर करून अगदी हळू विचारलं, "हिचं म्यान कुठं आहे?"

"पडद्यात," आत्या म्हणाल्या.

त्यानंतर पुष्कळ सुट्ट्या ह्याच कामात गेल्या. डॉक्टरांनी मऊ फडक्याने आणि हलक्या तेलाने एकेक बोटभर जागा साफ केली, घासायचं म्हणून नाव नाही. काळ्या थराखालून पाण्यावर वारा गेल्यासारख्या लहरी वर आल्या. त्यांनी आत्यांना नीट समजावलं: दोन जातींचं पोलाद तापवून, ठोकून, घडी घालून पुन्हा ठोकलं की अशा लहरी उमटतात. पातं जुनं, मूठ नंतरची, कुणीतरी प्रेमाने बदललेली. मुठीलगत तीन पानांचा बारीक ठसा, तो घडवणाऱ्याच्या घराण्याचा. म्यानाचं चामडं मात्र पात्याच्याच वयाचं, आणि हे दोघं अजून एकत्र आहेत हीच खरी नवलाई, कारण असली जोडी शंभरात एखादी राहते. परगावच्या जाणकारांना विचारून त्यांनी प्रत्येक गोष्ट पक्की केली. आत्यांनी एकदा सहज भाव विचारला तर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. तेवढं सोडून काहीही विचारा, म्हणाले.

दर वेळी निरोप देताना ते तलवार स्वतः गुंडाळत, थंडीत पोराला बाहेर पाठवताना गुंडाळावं तशी, आणि दारापर्यंत येऊन आत्यांच्या हातात देत. हात मागे घ्यायला त्यांना जरा वेळ लागे. आत्यांच्या नजरेतून ते सुटायचं नाही. कोपरे ठासायला आता त्यांनी सुताराकडून एक पट्टी करून घेतली होती, आणि तलवार म्यानासकट कपाटात गेली होती. त्यांना तिची जरा भीतीच वाटायला लागली होती. घरातल्या मोलकरणीचा अचानक मोठा हुद्दा निघावा तसं झालं होतं.

इथपर्यंत सगळं गोड होतं. मग आत्यांचा अंगठा गेला.

गेला म्हणजे जागेवरच होता, पण सुई ढकलायचा सांधा झिजला. हातांच्या डॉक्टरने सांगितलं, जाड कापड हाताने शिवणं आता बंद, नाहीतर भाजी चिरणंही बंद होईल. जाड कापड ओढणारं, मोटरवर चालणारं शिलाई यंत्र मिळतं, पण त्याची किंमत ऐकून आत्यांनी दुकानदाराला पुन्हा सांगायला लावली, ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून. चूक नव्हती. यंत्र नाही तर दुकान नाही, आणि दुकान नाही तर भावाकडे जाऊन राहायचं. भाऊ लाख चांगला. पण घर वहिनीचं होतं, आणि वहिनींच्या घरात उशीसुद्धा त्या सांगतील त्या बाजूनेच ठेवावी लागे. जन्मभर लोकांच्या उशा भरलेल्या बाईला हे कसं सोसणार?

भाची चपलांच्या दुकानात विक्रीच्या कामाला होती. पायात न बसणारा जोडासुद्धा ती गिऱ्हाइकाला हसत हसत बसवून द्यायची. तिने एका रात्रीत, म्हणजे जेवता जेवताच, निकाल लावला: कपाटात यंत्र पडलंय आणि आपण रडतोय. आत्या नको नको म्हणत राहिल्या. मग अंगठा ठणकला आणि नुसतं विचारून तर येऊ, इतपत त्या खाली आल्या.

जुन्या वस्तूंचा दुकानदार गोल चेहऱ्याचा, गोड बोलणारा. त्याने तलवार उलटीपालटी केली आणि नाटकातली दिसते म्हणाला. ते एका अर्थी खरंच होतं, त्यामुळे आत्या मान डोलवायला लागल्या. भाचीने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्याने जो भाव सांगितला त्यात यंत्राची सुई आली असती.

मग भाचीने घसा साफ केला. लहरी आधी दाखवल्या. दोन जातींचं पोलाद, घड्या, ठोकणं, सगळं ओळीने. पातं जुनं आणि मूठ नंतरची हे स्वतःहून सांगितलं, म्हणजे विश्वास बसावा. तीन पानांचा ठसा, घराणं, म्यानाच्या चामड्याचं वय, शंभरातली एखादी जोडी. शब्द तेच, थांबण्याच्या जागा त्याच, मध्येच डॉक्टरांसारखी चष्मा वर करायची लकबसुद्धा, आणि हिला तर चष्मा नव्हताच. आत्यांना वाटलं, डॉक्टरांची कवळीच कुणीतरी हिच्या तोंडात बसवली आहे. त्यांचे कान तापले.

दुकानदार एकेक वाक्याला एकेक पायरी वर चढत गेला. शेवटी त्याने विचारलं हे सगळं कुणी सांगितलं, आणि भाचीने डॉक्टरांचं नाव घेतल्यावर तो उरलेल्या पायऱ्या एका दमात चढला. त्या भावात यंत्र येत होतं, वर दुकानाला रंग देऊन होत होता. म्यान मात्र वेगळं जाईल, असं तो सहज बोलून गेला. म्यानाला एक गिऱ्हाईक तयार होतं, पात्याला दुसरं.

आत्यांनी तलवार ओढून घेतली, उद्या सांगते म्हणाल्या आणि उठल्या.

घरी आल्यावर जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण आत्या बोलतच नव्हत्या. भाचीच दोन्ही बाजूंनी भांडत होती. तिचं म्हणणं सरळ होतं. आपण चोरलं काय? त्यांनी आपण होऊन सांगितलं. कानात पडलेलं परत कसं द्यायचं? तलवार आपली, अंगठा आपला. आणि डॉक्टरांना कळणार तरी कसं?

"मी ठेवायची म्हणाले होते," आत्या म्हणाल्या.

"तेव्हा ते खरं होतं ना?"

"तेव्हा होतं."

"मग झालं तर."

"मग आता खोटं झालंय ते त्यांना जाऊन सांगायला हवं. त्यांनी ते ऐकून आपल्या सुट्ट्या घालवल्या. विकायची म्हटलं असतं तर चहासुद्धा मिळाला नसता."

भाची म्हणाली, आत्या, तू म्हणजे ती लिमलेटची गोळी आहेस. पण चपला घालून आधी तीच दारात उभी राहिली.

वाटेत आत्या गाठोडं छातीशी धरून चालत होत्या. विकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, हे त्यांचं त्यांना पक्कं कळलं होतं. प्रश्न एवढाच होता की ह्या माणसाच्या दारात पुन्हा मान वर करून उभं राहता येईल की नाही. वय झालं की नवी माणसं जोडणं अवघड होतं. आणि ज्याने आपल्या घरातल्या चिंधीखालून एवढं मोठं काहीतरी काढून आपल्याच हातावर ठेवलं, त्याच्याशी लबाडी करून घेतलेल्या यंत्रावर शिवण सरळ आली असती का, कोण जाणे.

सुट्टीचा दिवस नव्हता. डॉक्टरांनी दार उघडलं, गाठोडं बघून त्यांचा चेहरा खुलला. आत्या बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच सांगून टाकलं: अंगठा, यंत्र, दुकानदार. भाचीने तुमचंच सगळं बोलून दाखवलं आणि भाव चढला, हेही सांगितलं. मी ठेवायची म्हटलं होतं, आता विकायची म्हणते. त्यातलं तुमचं काय होतं ते सांगा, ते मी देते.

डॉक्टर आत गेले आणि हात धुवायला लागले. जन्मभराची सवय, विचार करायचा झाला की आधी हात धुवायचे. पाणी बराच वेळ वाहत राहिलं. भाची आत्यांकडे बघत होती आणि आत्या जमिनीकडे.

बाहेर आले तेव्हा त्यांनी आधी आत्यांना बसायला लावलं. म्हणाले, ठेवायची म्हणून सांगून लोक जातात, आणि महिन्याभराने तीच वस्तू दुकानाच्या काचेत दिसते, खाली चिठ्ठीवर माझीच वाक्यं लिहिलेली, माझ्या चुकांसकट. मी काही बोलत नाही. पैसे घ्यायला लागलो तर लोक फक्त विकायच्या वस्तू आणतील, आणि माळ्यावरच्या, पडद्यातल्या कायमच्या तिथेच राहतील. म्हणून फसतो आणि पुन्हा दार उघडतो.

"पण सांगायला आजवर कुणी आलेलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही पहिल्या. रागवावं कसं तेच आठवेना, म्हणून हात धूत बसलो."

आत्यांच्या जिवात जीव आला, अर्धा. डॉक्टर पुढे म्हणाले, विका, खुशाल विका, अंगठ्यापुढे तलवार काय. मला काही देऊ नका. एकच करा, पातं आणि म्यान वेगळं होऊ देऊ नका.

तिथेच तर घोडं अडलं होतं. आत्यांनी दुकानदाराचा बेत सांगितला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"मग तुम्हीच का घेत नाही?" भाचीने विचारलं. चपलांच्या दुकानात असल्या गोष्टी सरळ विचारतात.

तर त्यांनी आपला नेम सांगितला. जो वस्तूची योग्यता सांगतो त्यानेच ती विकत घ्यायची म्हटलं की त्याची जीभ वाकडी व्हायला लागते. पाच चांगल्या गोष्टी दिसल्या तर तीनच बोलून दाखवतो. आपली जीभ वाकडी होऊ नये म्हणून त्यांनी तरुणपणीच स्वतःला हे कुंपण घातलं होतं, आणि त्या कुंपणापायी आवडलेल्या कितीतरी वस्तू डोळ्यांदेखत जाऊ दिल्या होत्या.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. त्या कधी बाहेर येत नसत, पण भिंती पातळ होत्या. म्हणाल्या, घ्या हो एकदाची, महिने झाले झोपेत तिच्याविषयीच बोलताय, मला म्यानाचं चामडंसुद्धा पाठ झालंय.

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. आत्या मात्र विचारात पडल्या होत्या. कोपरा कसा भरावा ह्याचा विचार करताना त्या जशा मान तिरकी करत तशी मान तिरकी करून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही मला हिची किंमत किती सांगितलीत?"

"मी? मी कुठं सांगितली?"

"तेच म्हणते. मी विचारली तर तुम्ही कानांवर हात ठेवलेत. किंमत सांगितली दुकानदाराने. तुम्ही पाचाच्या पाच गोष्टी बोललात, त्या ऐकून त्याने भाव चढवला. म्हणजे तुमची जीभ वाकडी झाली असती तर हिला कवडी आली असती. ती सरळ होती ह्याचा पुरावा त्या दुकानात आहे. आता त्याच भावाने तुम्ही घेतलीत तर कुंपण मोडलं कुठं?"

डॉक्टर पुन्हा हात धुवायला निघाले. अर्ध्या वाटेतून परत आले.

मग जी घासाघीस झाली तशी भाचीने जन्मात पाहिली नव्हती. विकणारी कमी करत होती आणि घेणारा वाढवत होता. आत्या म्हणाल्या, निम्मा भाव तुमच्याच शब्दांचा आहे, निम्मे द्या. डॉक्टर म्हणाले, एक पैसा कमी दिला तर नेम मोडला, मग मला नको. आत्या म्हणाल्या, मग निदान थोडे तरी. डॉक्टर म्हणाले, पूर्ण, नाहीतर गाठोडं उचला. भाची मधे पडली आणि पूर्ण भावावर सौदा पक्का केला, कारण त्या दोघांवर सोडलं असतं तर तलवार फुकट गेली असती किंवा गेलीच नसती.

डॉक्टरांचीही एक अट होती. दुकानदाराने वेळ घालवून भाव सांगितला, तोही फुकटच. त्याला कळवल्याशिवाय हातात हात द्यायचा नाही. भाचीने कपाळावर हात मारला. म्हणाली, ही साखळी संपणार आहे की नाही? पण ते आत्यांना मनापासून पटलं होतं, त्या उठूनसुद्धा उभ्या राहिल्या होत्या.

दुकानदाराने त्यांना पाहून हसतच दार उघडलं. रिकामे हात बघून हसू जरा कमी झालं. आत्यांनी सरळ सांगितलं, डॉक्टर घेतायत, तुम्ही म्हणालात त्याच भावाने, तुम्हाला सांगायला आले. त्याने एक क्षण विचार केला आणि म्हणाला, डॉक्टर स्वतः घेतायत? मग मी आणखी देतो. आणि त्याने जो आकडा सांगितला त्याने भाचीचा हात आपोआप आत्यांच्या कोपरावर गेला आणि चिमटा काढून बसला.

 खोटं कशाला, आत्यांना तो आकडा आवडला. त्यांच्या डोळ्यांसमोर यंत्र आलं, रंग आला, नवं शटर आलं. मग त्यांनी चिमट्याचा हात सोडवला.

"डॉक्टरांना हवी म्हटल्यावरच तुम्ही चढलात," त्या म्हणाल्या. "म्हणजे ही वाढसुद्धा त्यांचीच झाली. ती मी त्यांच्याच विरुद्ध कशी घेऊ?"

दुकानदार बघत राहिला. मग तो खराखुरा हसला आणि म्हणाला, बाई, नाही म्हणायला येणारं गिऱ्हाईक मी धंद्यात पहिल्यांदा पाहतोय, लोक नुसते यायचे बंद होतात. बसा, चहा घ्या. आत्या तिथल्या सोफ्यावर बसल्या. बसताक्षणी त्यांच्या मणक्याने त्यांना सगळं सांगितलं. चहा येईपर्यंत त्यांनीही दुकानदाराला सगळं सांगितलं: डावीकडची स्प्रिंग तुटली नाही, नुसती सुटली आहे, खालचा पट्टा सैल आहे, काथ्या बदलायची गरज नाही, पिंजून घेतला तर पुन्हा फुगेल, आणि हे कापड टिकाऊ आहे, ते कुणी बदलायला सांगितलं तर ऐकू नका. दुकानदार लक्ष देऊन ऐकत होता. मधे मधे मान डोलावत होता. विचार करून कळवतो म्हणाला.

बाहेर पडल्यावर आत्यांना इतकं हलकं वाटलं की त्या चक्क जिन्याचा कठडा न धरता उतरल्या. भाची पुटपुटत होती, पण तिचाही चेहरा उतरलेला नव्हता. चुकून हसू येईल म्हणून ती दुसरीकडे बघत होती.

तलवार डॉक्टरांकडे गेली, म्यानासकट. यंत्र आलं. पहिले दोन दिवस ते इतक्या वेगाने धावलं की आत्या पाय उचलून घ्यायच्या आणि ते थांबलं की त्यालाच दमलास का म्हणून विचारायच्या. मग दोघांचं जमलं. शिवण सरळ येत होती. अंगठा आता भाजी चिरण्यापुरता बरा होता, आणि वहिनींच्या उशा वहिनींच्याच घरी, त्यांना हव्या त्या बाजूने होत्या.

थोड्या दिवसांनी भाची कामावरून आली ती दारातूनच हसत. पलीकडच्या रस्त्यावर एक गादीवाला आहे, आत्यांपेक्षा जरा स्वस्त. त्याच्या दुकानासमोर ओळखीचा सोफा दिसला म्हणून ती थांबली होती. जुन्या वस्तूंचा दुकानदार उभा राहून त्याला सांगत होता: डावीकडची स्प्रिंग तुटलेली नाही, सुटलेली आहे. पट्टा ओढा. काथ्या बदलू नका, नुसता पिंजा. आणि कापडाला हात लावायचा नाही, मला फसवू नका, मला सगळं कळतं.

"शब्दसुद्धा तुझेच, आत्या," भाची म्हणाली. "आता जाऊन त्या दुकानदाराला सांगू का, हे बोल कुणाचे ते?"

आत्या यंत्रावर होत्या. त्यांनी पाय काढला, यंत्र थांबलं. त्यांना आधी बारीक हसू आलं, मग मोठं, मग इतकं की काथ्यातलं मांजर उठून दुसऱ्या सोफ्यावर गेलं. हसता हसता त्या डोळे पुसत म्हणाल्या, "राहू दे गं. स्प्रिंग खरंच सुटलेलीच आहे. नीट बसेल त्याचा सोफा."

आणि त्यांनी पुन्हा पाय ठेवला.